भेगाळलेल्या लाकडातून वाडगा कसा कातावा

सरपणाच्या ढिगातला ओंडका पाहून हात शिवशिवला नाही असा कातकाम करणारा मला अजून भेटलेला नाही. गाठी, फाटे, बुरशीने ओढलेल्या काळ्या रेघा, आत शिरलेली साल हे सगळं फर्निचर करणारा कापून टाकतो, आणि वाडग्याला शोभणारी नक्षी नेमकी त्यातच असते. पण त्याच ओंडक्यात भेगा असतात. भेगेत काय भरायचं हा प्रश्न नंतरचा. ही भेग वाडगा एकसंध राहू देणार आहे का, हा पहिला. आणि त्याचं उत्तर मोटर सुरू करण्याआधीच मिळवायचं असतं. म्हणून या लेखात भेग भरण्याइतकंच भेग वाचण्याबद्दल लिहिलं आहे.

निरोगी लाकडाचे पाच-सहा वाडगे आधी कातून झाले असतील तरच या कामाकडे वळा. लेथचा, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या कातयंत्राचा, आवाज बदलला की काहीतरी बिनसलंय, हे कानाला कळायला तेवढा सराव लागतो.

१. भेग कुठून आली ते ओळखा

लाकूड भेगाळतं ते वाळताना. ओल्या लाकडात पाणी पेशींच्या पोकळीत असतं, तसंच पेशींच्या भिंतींतही. पोकळीतलं पाणी उडून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि आकसणं सुरू होतं. हे आकसणं सगळीकडे सारखं नसतं. वाढीच्या कड्यांच्या (ओंडक्याच्या तोंडावर दिसणाऱ्या वर्तुळांच्या) दिशेने लाकूड जितकं आकसतं, त्याच्या जवळपास निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. अख्ख्या गोल ओंडक्यात हा ताण कुठेतरी सुटावाच लागतो, आणि तो गाभ्यातून सालीकडे धावणाऱ्या भेगेतून सुटतो. शिवाय ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडतं, म्हणून तोंडावर बारीक भेगांचं जाळं दिसतं.

तोंडावरच्या या बारीक भेगा बहुतेक वेळा वरवरच्याच असतात. तोंडाची अर्धा-पाऊण सेंटीमीटर जाडीची चकती कापून हातात घ्या आणि वाकवा. भेग शिल्लक असेल तर चकती तिथेच मोडते. चकती सगळीकडे सारखी चिवट लागेपर्यंत आणखी कापत जा. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाही यात पकडल्या जातात.

गाभ्यातून निघालेल्या भेगांचं पुढे पाहू. गाठीभोवतीची भेग आणि आत शिरलेली साल या दोन्ही गोष्टी सांभाळता येतात, फक्त गाठ बोटाने दाबून हलते का ते पाहा. हलत असेल तर ती सुटून उडण्याआधी तुम्हीच काढून टाका. त्या भोकाचं काय करायचं ते नंतर ठरवता येईल.

एका प्रकाराला मात्र मी हात लावत नाही: दोन वाढीच्या कड्यांच्या मधून, कमानीसारखी गेलेली भेग. तिथे लाकडाचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकमेकांपासून सुटलेले असतात. वरून दिसते त्यापेक्षा ती आत कितीतरी लांब गेलेली असू शकते, आणि फिरताना अख्खी पाकळी निघून येते. असा तुकडा पुन्हा सरपणात गेलेला बरा.

शेवटची परीक्षा कानाची. तुकडा दोरीवर किंवा दोन बोटांवर अधांतरी धरून लाकडी दांड्याने ठोका. एकसंध लाकूड खणखणीत बोलतं. आत फूट असेल तर आवाज बद्द येतो, मडकं तडकल्यासारखा.

२. तुकडा कसा कापायचा

ओंडका गाभ्याच्या रेषेतून उभा चिरून त्याचे दोन अर्धे करा. वाडग्याचं तोंड गाभ्याच्या बाजूला आणि बूड सालीच्या बाजूला, ही नेहमीची मांडणी. इथे बरेच जण फसतात. सपाट बाजूच्या मधोमध असलेल्या गाभ्याच्या भेगा वाडगा पोखरताना आपोआप निघून जातील असं वाटतं, आणि मधल्या भागापुरतं ते खरंही आहे. पण गाभ्याची रेषा वाडग्याच्या काठाला दोन ठिकाणी, समोरासमोर भेटते. तिथलं लाकूड पोखरलं जात नाही, ते काठ म्हणून उरतं, आणि भेग तिथेच राहते. म्हणून चिरल्यानंतर सपाट बाजूवरून आणखी दोन-तीन सेंटीमीटर लाकूड काढून टाका. वाडगा तेवढा उथळ होईल, होऊ द्या.

उरलेल्या भेगा खडूने ठळक करा आणि वाडग्याचा आकार मनात धरून प्रत्येकीपुढे एक शब्द लिहा: ‘कापायची’, ‘भरायची’ किंवा ‘ठेवायची’. चक (आतून पोखरताना वाडगा धरणारी लेथची जबड्यांची पकड) ज्या बुडाला पकडणार त्या भागात भेग नकोच. काठापासून बुडातून पलीकडच्या काठापर्यंत जाणारी भेगही नको; तो मुळात दोन तुकड्यांचा वाडगा आहे. काठापासून निघून भिंतीच्या मध्यापर्यंत थांबलेली एखादी भेग चालते. भिंतीच्या पोटातलं बंद भोक तर सगळ्यांत निर्धोक, कारण त्याच्या चारही बाजूंना सलग लाकूड असतं.

३. लाकूड ओलं असेल तर

ओल्या लाकडातली भेग भरू नका. लाकूड पुढे आकसत राहतं आणि भरलेल्या भेगेशेजारी दुसरी उघडते. त्याऐवजी वाडगा जाडसर कातून ठेवा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे २५ सेंटीमीटरच्या वाडग्याला अडीच सेंटीमीटर. काठावर जिथे लाकडाचे तंतू तुटलेले दिसतात त्या भागांना मेण लावा, वाडगा त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत ठेवा आणि दर आठवड्याला वजन लिहीत जा. तीन-चार आठवडे वजन हललं नाही की तो वाळला. याला काही महिने लागतात. तोवर वाडगा लंबगोल झालेला असेल. दुसऱ्यांदा कातताना तो पुन्हा गोल करता यावा यासाठीच ती जादा जाडी ठेवायची.

४. मोटर सुरू करण्याआधी

चेहरा पूर्ण झाकणारी ढाल घाला. नुसता चष्मा पुरत नाही. बुरशी लागलेल्या लाकडाची धूळ फुप्फुसांना विशेष वाईट, त्यामुळे चांगला बसणारा धूळरोधक मास्कही हवा. सैल बाही, अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवून ठेवा.

वेगाबद्दल सविस्तर सांगतो, कारण अपघात इथे होतात. २५ सेंटीमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला ६०० फेरे फिरत असेल तर त्याचा काठ ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने धावत असतो. फेरे १२०० केले तर वेग दुप्पट होतो, पण काठाला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. निरोगी लाकडासाठी बरेच कारागीर एक आडाखा वापरतात: इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचा. १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. भेगाळलेल्या लाकडासाठी मी याच्या खालच्या टोकावर सुरुवात करतो, आणि तुकडा गोल होईपर्यंत त्याहूनही कमी. मध्ये भोक असलं की वेग वाढवल्यावर काप गुळगुळीत लागतो, म्हणून बटन फिरवायचा मोह होतो. फिरवू नका. त्याऐवजी हत्यार पुन्हा पाजळा.

पहिली पकड स्क्रूंनी आवळलेल्या फेसप्लेटची (लेथवर बसणाऱ्या धातूच्या तबकडीची) ठेवा आणि समोरून टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकूचा) आधार द्या. तो आधार जितका उशिरा काढता येईल तितका उशिरा काढा. टूलरेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लावून वाडगा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहा. सुरू करताना वाडग्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नका, बाजूला सरका. माझा एक वाडगा सुरू केल्याबरोबर दोन तुकडे होऊन गेला होता. मी बाजूला होतो म्हणून तो समोरच्या भिंतीवर आदळला.

५. बाहेरची बाजू

गोल पटाशीची धार ताजी हवी. पाठ लाकडाला टेकवून, पातळ काप घेत आकार द्या. दर दोन-तीन मिनिटांनी लेथ थांबवा आणि खडूच्या खुणांशी ताडून पाहा. भेग आत जाताना अरुंद होतेय की रुंद? नवी दिसतेय का? केसासारख्या भेगा दिसल्या की लगेच पातळ सुपरग्लू सोडा. तो स्वतःच आत ओढला जातो. त्याआधी भेगेच्या आजूबाजूला लाखेचं पॉलिश फिरवून घ्या, नाहीतर ग्लूचा डाग शेवटपर्यंत जात नाही. ग्लू पुसायला सुती कापड किंवा कापूस कधीही घेऊ नका. सुपरग्लू सुताशी झपाट्याने प्रक्रिया करतो, कापड चटका बसण्याइतकं तापतं.

बुरशीने पोचट झालेला भागही याच पातळ ग्लूने घट्ट होतो. तसाच कातला तर तो कापला न जाता उपटला जातो.

६. भेग बांधणं

एक-दोन मिलिमीटरहून रुंद भेगेला एपॉक्सी (दोन द्रव मिसळून ओतायचं, कडक होणारं राळेसारखं रसायन) लागतं. आधी तिच्यातली धूळ, सुटी साल आणि कुजकं लाकूड टोच्याने उकरून काढा, कारण एपॉक्सी धुळीला चिकटलं तर लाकडाला चिकटत नाही. मागून पक्की टेप लावा, वरून थोडं थोडं ओता, बुडबुडे वर येऊ द्या आणि पृष्ठभागापेक्षा किंचित उंच भरा. संथ वाळणारं एपॉक्सी घ्या. ते खोलवर उतरतं. पूर्ण कडक होईपर्यंत, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत, लेथ सुरू करू नका.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे. त्याच लाकडाचा भुसा मिसळून भेग लपवण्याचा प्रयत्न कधीच साधत नाही, ते ठिगळच दिसतं. त्याऐवजी कोळशाची पूड घालून काळं करा. लाकडातल्या गाठी आणि बुरशीच्या रेघा काळ्याच असतात, त्यामुळे काळी भेग तिथलीच वाटते. पितळेची पूडही सुंदर दिसते, पण एका वाडग्यात एकच भेग तशी भरावी.

भेग लांब असेल आणि उघडण्याची भीती असेल तर डमरूच्या आकाराची लाकडी खिट्टी तिच्या आडवी बसवा. खिट्टीचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे भेगेला ओलांडून जाणारे हवेत; उलटे ठेवले तर खिट्टी स्वतःच कमरेत मोडते. हे काम भिंत जाड असतानाच करा. भिंत शेवटी एक सेंटीमीटर राहणार असेल तर खिट्टी बाहेरून दीड-दोन सेंटीमीटर खोल बसवा, म्हणजे बाहेरून कितीही छिललं तरी ती पुरते आणि पोखरून झाल्यावर आतूनही दिसते.

तिसरा मार्ग टाके घालण्याचा. वाडगा पूर्ण कातून झाल्यावर भेगेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून पाच-सहा मिलिमीटरवर बारीक भोकं पाडून तांब्याची तार किंवा मेण लावलेला दोरा ओवतात. याने शोभा येते, कातताना आधार मात्र मिळत नाही.

७. आतली बाजू

पोखरायला घेण्याआधी बाहेरच्या काठाभोवती पक्क्या टेपचे चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा. आता भिंत दर कापागणिक पातळ होत जाणार आहे आणि भेगेला धरून ठेवणारं लाकूड कमी होत जाणार आहे. काठ आधी अंतिम जाडीला आणा, मग खाली उतरा, आणि पुन्हा काठाकडे वळू नका. मधलं लाकूड निघाल्यावर काठ थरथरतो आणि हत्यार अडकतं. भेगाळलेल्या वाडग्याची भिंत फार पातळ करण्याचा हट्ट धरू नका. एक सेंटीमीटर ठीक आहे.

आवाज बदलला, टिक-टिक ऐकू आली, तर हत्यार मागे घ्या आणि लेथ बंद करा. नंतर पाहू म्हणू नका.

८. घासणं आणि तेल

जिथे उघडं भोक किंवा भेग ठेवली आहे तिथे फिरत्या वाडग्यावर बोटं नेऊ नका. तो भाग लेथ थांबवून हाताने घासा. बाकीचा १२० पासून ४०० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने, हलक्या हाताने. दाबून घासलं की लाकूड तापतं आणि त्या उष्णतेनेच नव्या बारीक भेगा पडतात. पेपर हाताला गरम लागला तर थांबा.

तेल लावताना फिरत्या वाडग्याजवळ कापड आणू नका, ते भोकात अडकून हात ओढतं. कागदी रुमाल घ्या, तो फाटून सुटतो. जवसाचं किंवा टंगचं (टंग झाडाच्या बियांचं) तेल दोन-तीन पातळ हातांत लावा आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे चुरगळून टोपलीत टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. ते पसरून उघड्यावर वाळवा.

वाडगा लगेच कुणाला देऊ नका. काही आठवडे घरातच ठेवा आणि अधूनमधून भरलेल्या भेगेच्या दोन्ही टोकांवरून नख फिरवा. नख अडकलं तर भेग पुढे सरकली आहे. तिथे पातळ ग्लूचा एक थेंब, वरून ४०० चा पेपर आणि तेलाचा आणखी एक हात.