मॅन्युअल घ्यावी का डीसीटी? आधी उसाच्या ट्रॉलीमागं चालवून बघा

दर दोन महिन्याला कुणीतरी विचारतंयच, भाऊ फॉक्सवॅगनची व्हर्टस जीटी घ्यायलोय, मॅन्युअल घेऊ का डीएसजी? (डीसीटी म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फॉक्सवॅगनवाले त्यालाच डीएसजी म्हणतात.) आणि लगेच दुसरा कुणीतरी मधी तोंड घालतो की खरी स्पोर्टी गाडी म्हणजे मॅन्युअलच, ऑटोमॅटिक म्हाताऱ्यांसाठी. आसं काही नसतंय राव. पोर्शची ९९२ पिढीतली ९११ जीटी३ बघा, कंपनीचेच आकडे आहेत, पीडीके म्हणजे त्यांचा डीसीटी घेतला तर ० ते १०० ला ३.४ सेकंद आणि मॅन्युअलला ३.९. कितीही भारी ड्रायव्हर असू द्या, हातापायानं तेवढ्या फास्ट गिअर पडत नसतोय. तरी २०१३ ला त्यांनी जीटी३ फक्त पीडीकेत आणली तेव्हा लोकांनी बोंब मारली आणि २०१७ ला मॅन्युअल परत द्यावं लागलं. म्हणजे पळायला डीसीटी पुढं, मजा कशात ते ज्याचं त्यानं बघावं. पण आपल्या संभाजीनगर-लातूरकडं खरा प्रश्न २०० च्या स्पीडचा नाहीच, ८ च्या स्पीडचा आहे.

आधी डीसीटी आत काय करतो ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतंय. दोन क्लच असतात, एकाकडं १-३-५-७ आणि दुसऱ्याकडं २-४-६. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतोय, नुसता एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. म्हणजे एक भाकरी ताटात आणि दुसरी तव्यावर तयार. पण तुम्ही एकदम भाकरीऐवजी भात मागितला की गडबड, म्हणजे कॉम्प्युटरला वाटलं हा वरचा गिअर मागणार आणि तुम्ही ओव्हरटेकसाठी दाबून खालचा मागितला, तेव्हा ती अर्धा सेकंद विचार करते. आणि महत्त्वाचं म्हणजे हे आपल्या जुन्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसारखं (ज्यात क्लचऐवजी तेलातून ताकद पुढं जाते) नसतंय, आत खराखुरा क्लच आहे, घासला की तापतोय. वेट क्लच तेलात बुडालेला असतो म्हणून थोडा थंड राहतो, ड्राय क्लचला नुसती हवाच. व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाच्या १.५ लिटर इंजिनासोबतचा ७-स्पीड डीएसजी ड्राय आहे, गोल्फ जीटीआयचा वेट.

आता टेस्ट ड्राइव्ह. सेल्सवाला तुम्हाला मोकळ्या रोडला नेणार, एकदा दाबायला लावणार, पाठ सीटला चिकटली की गाडी विकली त्यानं. तिथं जाऊच नका. समृद्धीवर तर दोन्ही गाड्या सारख्याच, शेवटच्या गिअरात १२० ला लावली की जालना येईपर्यंत बदलायचंय काय? त्याऐवजी दुपारी दोनला, एसी फुल्ल, क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत जालना रोडनं न्या. डीसीटी असेल तर ब्रेक हळूच सोडून बघा, झटका न देता सरकते का. स्पीडब्रेकरवर पहिल्या-दुसऱ्यात गोंधळते का. एखादा चढ बघून रिव्हर्स घ्या, हे कुणीच करत नाही, पण जर्क आणि वास दोन्ही तिथंच कळतात. मग गावाबाहेर काढून ४० च्या स्पीडला डी मधी असताना एकदम दाबा आणि गिअर पडायला किती वेळ लागतोय ते मनात मोजा, नंतर हेच स्टिअरिंगमागच्या पॅडल शिफ्टरनं स्वतः दोन गिअर खाली घेऊन करा. साखर कारखाने सुरू झाल्यावर उसाच्या डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरमागं अडकलात आणि समोरून एसटी यायली, तेव्हा हा फरकच कामाला येतोय.

मॅन्युअलच्या टेस्टमधी इंजिनाकडं नाही, गुडघ्याकडं लक्ष द्या. अर्धा तास सिग्नल टू सिग्नल चालवून डावा पाय भरून आला तर रोज ऑफिसला काय होणार? क्लच कुठं पकडतोय, सीट पुढं घेतल्यावर गुडघा स्टिअरिंगखाली लागतोय का, आणि टर्बो गाडी असल्यानं १५०० आरपीएमच्या खाली दुसऱ्यात मेल्यासारखी होते का, हे बघा. होतच असेल तर वळणावर पहिला टाकायची सवय लावून घ्यावी लागंल.

गाडी घेतल्यावरचं सांगतो, इथं मी स्वतः खाल्लेलं आहे. श्रावणी सोमवारी डीसीटी घेऊन घृष्णेश्वराला निघालो, दौलताबादचा दरवाजा ओलांडून खुलताबादच्या चढाला ट्रॅफिक मुंगीसारखं, आणि मी शहाणा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायलो. दहा मिनिटात डॅशबोर्डवर ट्रान्समिशन गरम झाल्याची वॉर्निंग, बाजूला घेऊन बोनेट उघडून अर्धा तास बसलो, येणारा-जाणारा विचारायला, पाणी पाहिजे का. चूक गाडीची नव्हती. चढाला थांबायचं तर ब्रेक पूर्ण दाबा किंवा ऑटो होल्ड (थांबलेली गाडी आपोआप ब्रेकवर धरून ठेवणारं बटण) लावा, म्हणजे क्लच सुटलेला राहतो. पुढच्या गाडीमागं फूट-फूट सरकू नका, दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदमच पुढं घ्या. मागचा हॉर्न मारणारच, मारू द्या.

मॅन्युअलमधी हाच चढ असेल तर हाफ क्लचवर धरून ठेवणं म्हणजे तीच चूक, हँडब्रेक वापरा. आणि गाडी चालताना क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही, आपले जीपवाले मामा बसतात तसं.

कन्नडचा घाट चाळीसगावकडं उतरताना डीसीटी डी मधी सोडून देऊ नका, ती पेट्रोल वाचवायला वरचा गिअर टाकते आणि मग सगळा भार ब्रेकवर. मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा-तिसरा धरा. मॅन्युअल गाडीत खालचा गिअर घेताना क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटरला एक हलका दणका द्या, आरपीएम जुळतात आणि गाडी मान टाकत नाही. हे जमायला आठवडा लागतो, पण एकदा जमलं की, खरं सांगू, ह्या एका गोष्टीसाठीच मी मॅन्युअल ठेवलीय.

रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणाऱ्या पोरांसाठी एक. व्हर्टसचं १.५ टीएसआय टर्बो इंजिन कंपनीतूनच २५० एनएम टॉर्क (ओढायची ताकद) देतंय आणि त्या ड्राय डीएसजीची लिमिटच २५० ची आहे. त्यावर अजून ६०-७० चढवले तर क्लच कुणाच्या बापाचा ऐकणार नाही, वॉरंटी जाते ती वेगळीच. रिमॅप करायचंच डोक्यात असेल तर मॅन्युअल घ्या, तिथं क्लच बदलणं तरी गावातल्या गॅरेजला जमतंय. डीसीटीचा क्लच सेट बदलायला खास टूल आणि नंतर कॉम्प्युटरवर सेटिंग लागते, म्हणजे परभणी-हिंगोलीवाल्यांना गाडी टो करून मोठ्या शहरात न्यावी लागणार. हे अंतर पण हिशोबात धरा.

सेकंड हँड वेट डीएसजी घेत असाल तर गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचं बिल मागा. फॉक्सवॅगन ग्रुपच्या जुन्या ६-स्पीडवाल्याला दर ६० हजार किमीला ते बदलायचं असतं आणि कित्येकांनी एकदाही बदललेलं नसतंय. आणि गाडी बघायला जाताना मालकाला आधीच फोनवर सांगा की स्टार्ट करून ठेवू नको, थंडच पाहिजे. थंड गाडीचा पहिला रिव्हर्स आणि तासभर फिरवून गरम झाल्यावरचा रिव्हर्स, दोन्ही बघा. पहिला मख्खन आणि दुसऱ्याला टकटक असेल तर चहा घ्या आणि घरी या.