बाळासाठी येणाऱ्या काळाचं नाव कसं शोधावं

मी खगोलशास्त्र शिकवते. जुने विद्यार्थी आई-बाबा व्हायला आले की निरोप येतो, ‘‘मॅडम, वेगळं नाव सुचवा ना. पुढच्या शतकातलं वाटलं पाहिजे, आणि अर्थही हवा.’’ हे काम मला मनापासून आवडतं, त्यामुळे त्याची एक पद्धतही बसली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्रांच्या दुनियेतली नावं यादीतून काढून टाका. पिक्सेल, सायबर, रोबो हे आज नवे वाटणारे शब्दच सगळ्यात आधी जुने होतात. शिवाय चांगलं नाव एखाद्या उपकरणाला चिकटलं की माणसाची पंचाईत होते. ‘अलेक्सा’ हे ग्रीक मुळाचं नाव, अर्थ ‘रक्षण करणारी’. २०१४ मध्ये ते बोलणाऱ्या स्पीकरला मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत मुलींना ते ठेवण्याचं प्रमाण झपाट्यानं घसरलं.

मग शोधायचं कुठे? आकाश, प्रकाश, काळ आणि मोजमाप या चार ठिकाणी. इथले शब्द जुने असतात, पण विज्ञान पुढे सरकलं की त्यांनाही नवी झळाळी येते. ‘प्रज्ञान’ हा उपनिषदांतला शब्द. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ ची बग्गी याच नावानं चंद्रावर फिरली, आणि आता तो ऐकला की आधी चंद्राची माती डोळ्यांसमोर येते.

आकाशापासून सुरुवात करा, कारण तिथे भविष्य अक्षरशः मांडून ठेवलेलं आहे. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो आणि त्याचं एक आवर्तन साधारण २६,००० वर्षांत पुरं होतं. त्यामुळे ध्रुवतारा कायम एकच राहत नाही. इ. स. ३००० च्या आसपास आजच्या ध्रुवाची जागा वृषपर्वा तारकासमूहातला एक तारा घेऊ लागेल. त्याचं नाव ‘एराई’, मूळ अरबी, अर्थ मेंढपाळ, म्हणजे कळपाला वाट दाखवणारा. आपल्या कानाला त्यात आमराई, देवराईतली ‘राई’ही ऐकू येते. मुलगा असो वा मुलगी, हे नाव मी सगळ्यात आधी सुचवते. त्याहून पुढे, सुमारे १२,००० वर्षांनी, उत्तर दाखवण्याचं काम अभिजितकडे येईल. ‘अभिजित’ म्हणजे विजयी. नाव ओळखीचं आहे, पण ते ठेवताना हा अर्थ किती जणांच्या मनात असतो? याच ताऱ्याचं पाश्चात्त्य नाव ‘वेगा’. तेही अरबीतून आलेलं, झेपावणाऱ्या गरुडाचं. सूर्य सोडल्यास छायाचित्र घेतला गेलेला पहिला तारा हाच, १८५० साली. मुलीसाठी ‘वेगा’ छोटं आणि तेज आहे.

‘मित्र’ हेही नाव विचारात घ्या. सूर्याला सगळ्यात जवळच्या तारकासंस्थेतला मुख्य तारा म्हणजे मित्र, अंतर ४.३७ प्रकाशवर्षं. माणूस कधी दुसऱ्या ताऱ्याकडे निघालाच, तर पहिला मुक्काम बहुधा तिथेच. आणि ‘बिभा’. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघटनेच्या उपक्रमात एका दूरच्या ताऱ्याला हे नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या सन्मानार्थ. आपण ‘विभा’ म्हणतो, अर्थ तेज. त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं नाव ‘संतमस’. भारदस्त वाटलं तरी ते बाळाला देऊ नका, त्यात अंधार आहे.

प्रकाशाचे शब्द मराठीत भरपूर आहेत, फक्त ‘किरण’ आणि ‘प्रकाश’ यांच्या पलीकडे जायला हवं. त्विषा म्हणजे झळाळी. अर्ची म्हणजे ज्योत किंवा किरण. दीधिती हाही किरणच, आणि उच्चारायला फार गोड. मरीची म्हणजे प्रकाशकण, शिवाय सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाचा तारा.

काळाच्या शब्दांत मात्र जरा जपून. ‘अनागत’ म्हणजे अजून न आलेलं, भविष्यकाळाला नेमका शब्द. पण हाक मारताना त्यातला नकारच आधी ऐकू येतो. तोच अर्थ जपानी ‘मिराई’मध्ये आहे, अगदी ‘अजून न आलेलं’ असाच, आणि तिथे ते लाडकं नाव आहे. भविष्य हाच अर्थ हवा असेल तर मिराई घ्या. ‘निमिष’ म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. ‘अयन’ म्हणजे मार्ग, गती; उत्तरायणातलं ते हेच. तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, म्हणायला सोपं. परभाषेतली आणखी दोन नावं, दोन्हींचा अर्थ तारा: वेल्श ‘सेरेन’ आणि बास्क ‘इसार’ (Izar). मोजमापाच्या शब्दांतलं मला फक्त ‘त्रिज्या’ भावतं, केंद्रापासून परिघापर्यंत जाणारी रेषा.

नाव आवडलं की त्याचा अर्थ स्वतः तपासा. नावांच्या याद्यांमध्ये बिनबुडाचे अर्थ एकमेकांकडून उचललेले असतात. ‘रेयांश’ म्हणजे सूर्याचा अंश, असं सर्रास सांगतात. पण रवि आणि अंश यांचा संधी होतो ‘रव्यंश’. संस्कृत नावासाठी संस्कृत शब्दकोश उघडा, तिथे शब्द सापडला नाही तर तो अर्थ मानू नका. मूलद्रव्यांची नावं चमकदार वाटतात, त्यांचंही तेच: ‘निऑन’ म्हणजे नवा, पण ‘झेनॉन’ म्हणजे परका, ‘आर्गॉन’ म्हणजे आळशी आणि ‘ऑस्मियम’ वासावरून आलेला शब्द.

त्यानंतर नाव मोठ्यानं हाक मारून बघा. दुसऱ्या खोलीतून, घाईत, रागावून, कुशीत घेऊन. लाडात त्याचं काय होईल, तेही म्हणून बघा. आडनावाशी जोडून म्हणा. नावाचा शेवट आणि आडनावाची सुरुवात एकाच अक्षराची असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

शेवटची परीक्षा रोमन लिपीची, आणि ती टाळू नका. हे मूल आयुष्यभर यंत्रांकडून वाचलं जाणार आहे. पासपोर्टच्या खालच्या, यंत्रानं वाचायच्या पट्टीत नाव आणि आडनाव मिळून ३९ जागा असतात, आणि तिथे इंग्रजीची २६ अक्षरंच चालतात. वरची चिन्हं, टिंबं सगळी गळून जातात. ‘ऋत’ म्हणजे विश्वाचा नियम, मला अतिशय प्रिय शब्द. पण रोमन लिपीत त्याची रुत, रीत, रित अशी रूपं होतात आणि ‘ऋता’ची तर थेट ‘रिटा’. म्हणून निवडलेलं नाव रोमनमध्ये लिहून मराठी न येणाऱ्या दोन-तीन जणांकडून वाचून घ्या. उच्चार ओळखू येण्याइतका जवळ आला तर स्पेलिंग तिथेच पक्कं करा आणि जन्मदाखल्यापासून सगळीकडे तेच ठेवा.