दोन देशांच्या कागद-पुठ्ठ्याच्या निर्यातीची तुलना करताय? या चुका टाळा

फिनलंड आणि स्वीडन. शेजारी देश, दोन्हीकडे जंगलं, दोन्हीकडे कागद गिरण्या, युरोपीय संघात आले तेही एकाच दिवशी, १ जानेवारी १९९५ ला. तुलनेला याहून सोपी जोडी कुठली? म्हणूनच इथे डोळे झाकून आलेख काढले जातात.

समजा, तुम्ही निर्यातीची २००५ ते २०२२ अशी रेघ ओढलीत. वर्षं निरुपद्रवी दिसतात. पण २००५ मध्ये मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत फिनलंडच्या कागद उद्योगात मालकांनी पुकारलेली टाळेबंदी होती. आणि २०२२ मध्ये यूपीएम या कागद कंपनीच्या फिनलंडमधल्या गिरण्यांत १ जानेवारीला सुरू झालेला संप २२ एप्रिलला मिटला. म्हणजे रेघेची दोन्ही टोकं आजारी. सुरुवात खाली बसली की पुढची घसरण कमी भासते, शेवट खाली बसला की जास्त. दोन्ही एकदम झालं तर नेमकं काय दिसतंय तेच कळत नाही. स्वीडनची रेघ मात्र शेजारी निवांत चाललेली. यावर उपाय साधा आहे: टोकाच्या वर्षाच्या आधीचं आणि नंतरचं वर्ष बघा, तिन्हींची सरासरी घ्या. आणि त्या वर्षी तिथे काय घडलं होतं, हे आलेख काढण्याआधी शोधा.

दुसरी चूक कोडची. एचएस कोड म्हणजे व्यापारातल्या मालाचं जगभर वापरलं जाणारं आकडी वर्गीकरण. त्यातला कागद-पुठ्ठ्याचा चॅप्टर ४८ उघडला की काम झालं, असं वाटतं. पण लगदा आणि रद्दी चॅप्टर ४७ मध्ये आहेत. फिनलंडमध्ये आनेकोस्कीला २०१७ साली आणि केमीला २०२३ साली लगद्याचे अवाढव्य कारखाने सुरू झाले. हा माल ४८ मध्ये दिसणारच नाही. ‘कागदाची निर्यात घटली’ हे खरं असेल, पण त्यावरून ‘लाकडाचा धंदा बसला’ म्हणायची घाई नको. तीच गत चॅप्टर ४८ मधल्या ४८१० या कोडची. मासिकांचा गुळगुळीत कोटेड कागद आणि खोक्यांचा कोटेड पुठ्ठा, दोन्ही याच चार अंकांत. कागद आणि पुठ्ठा वेगळे काढायचे तर सहा अंकांपर्यंत उतरावंच लागतं. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

मग डॉलर. फिनलंडचा युरो, स्वीडनचा क्रोना, आणि आलेख डॉलरमध्ये! मार्च २०१४ मध्ये डॉलरला साधारण साडेसहा क्रोना पडत, वर्षभरात साडेआठच्या वर गेले. ६५० क्रोनांचा तोच माल आधी १०० डॉलरचा, नंतर जेमतेम ७६ चा. गिरणीत काहीच बदललं नाही, रेघ मात्र कोसळली. किमतीच्या आलेखाखाली टनांचा आलेख लावा, फरक लगेच कळेल.

एकाची निर्यात आणि दुसऱ्याची आयात जुळत नाही म्हणून हैराण होऊ नका. निर्यात बहुधा एफओबी किमतीने, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने लिहितात, आयात सीआयएफने, म्हणजे भाडं-विमा धरून. शिवाय १९९५ पासून या दोन देशांच्या संघांतर्गत व्यापाराचे आकडे कस्टमच्या कागदांऐवजी कंपन्यांच्या मासिक विवरणांतून येऊ लागले. तिथे आलेखात पायरी दिसली तर ती व्यापाराची नाही, मोजणीची असू शकते.

जोडीत भारत असेल तर आणखी एक खोच: आपले वार्षिक आकडे अनेकदा एप्रिल ते मार्चचे असतात. मासिक आकडे काढून जानेवारी ते डिसेंबर अशी बेरीज स्वतः करा.