डीजीएचा आकडा वाचण्याआधी: उपकेंद्रात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

उपकेंद्रात रुजू झाल्यावर पॉवर ट्रान्सफॉर्मरचा पहिला डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंचं विश्लेषण) अहवाल हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. ती आधी नमुन्याच्या चिठ्ठीवर जाऊ द्या. हे वायू पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, मोजले जातात. व्हॉल्व्हपाशी दोन मिनिटांची घाई झाली, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

नमुना टाकीच्या खालच्या सॅम्पलिंग व्हॉल्व्हमधून घ्या. पावसात किंवा दाट धुक्यात घेऊ नका, आर्द्रतेचा आकडा हमखास फुगतो. व्हॉल्व्हचं तोंड पुसा आणि निदान दोन-तीन लिटर तेल बादलीत सोडा. व्हॉल्व्हमध्ये साचून राहिलेलं तेल टाकीतल्या तेलाची खबर देत नाही. डीजीएसाठी काचेची सिरिंज आणि थ्री-वे कॉक लागतो. सिरिंज त्याच तेलाने खंगाळून घ्या. नंतर दट्ट्या ओढू नका, तेलाच्या दाबानेच तो मागे सरकू द्या. ओढलात तर तेलातला वायू तिथेच सुटतो. भरताना बुडबुडा आला तर लगेच बाहेर काढा. मात्र कॉक बंद केल्यावर, तेल थंड होताना आत बुडबुडा दिसला तर त्याला हात लावू नका. तो वायू नमुन्याचाच भाग आहे. सिरिंज उन्हापासून झाकून ठेवा आणि लवकर रवाना करा. हायड्रोजन सगळ्यात आधी निसटतो.

चिठ्ठीवर ट्रान्सफॉर्मरचा अनुक्रमांक, तारीख, नमुन्याची जागा, तेलाचं तापमान, लोड आणि टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या वाइंडिंगच्या जोडणीचा क्रमांक) लिहा. तापमान बहुतेक जण सोडून देतात, आणि त्याच्याशिवाय आर्द्रतेच्या आकड्याला अर्थ नसतो. ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतांश पाणी वाइंडिंगवरच्या इन्सुलेशनच्या कागदात असतं. तेल तापलं की ते तेलात उतरतं, निवलं की परत कागदात जातं. म्हणून ७० अंशाला आलेले २५ पीपीएम आणि ३५ अंशाला आलेले २५ पीपीएम सारखे नाहीत. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचा कागद जास्त ओला आहे. फिल्टरेशननंतर तेलाचा बीडीव्ही (ज्या व्होल्टेजला तेलाचं इन्सुलेशन तुटतं तो आकडा) ७० केव्ही आला म्हणून कागद वाळला असं समजू नका. काही आठवड्यांत आर्द्रता पुन्हा वर येते.

फिल्टरेशनचा आणखी एक तोटा: तेलातले वायूही निघून जातात आणि जुना इतिहास पुसला जातो. फिल्टरेशनच्या आधी एक नमुना घ्या, नंतर नवी आधाररेषा धरा.

आता आकड्यांकडे वळू. समजा मिथेन १२०, इथिलीन २६० आणि ॲसिटिलीन ४ पीपीएम आले. बेरीज ३८४. टक्केवारी साधारण ३१, ६८ आणि १. डुव्हालच्या त्रिकोणात (या तीन वायूंच्या टक्केवारीवरून दोषाचा प्रकार दाखवणाऱ्या आलेखात) हा बिंदू टी३ भागात पडतो, म्हणजे ७०० अंशांपेक्षा जास्त तापणारी जागा. पण हा त्रिकोण निरोगी ट्रान्सफॉर्मरवरही काही ना काही दोष दाखवतोच, कारण त्यात ‘दोष नाही’ असा भागच नाही. आधी पातळी किंवा वाढीचा वेग नेहमीपेक्षा जास्त आहे का ते पाहा, मगच त्रिकोण उघडा.

वेग असा काढा: टाकीत ४०,००० लिटर तेल असेल आणि २० दिवसांत एखादा वायू १० पीपीएमने वाढला, तर ४०० मिलिलिटर वायू तयार झाला, म्हणजे दिवसाला २०. नुसत्या पीपीएमपेक्षा हा आकडा बरंच काही सांगतो, विशेषतः लहान आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरची तुलना करताना.

टी३ दिसल्यावर पुढचा प्रश्न जागेचा. लोड वाढला की वायू वाढतो, उतरला की थांबतो, तर संशय प्रवाहाच्या मार्गावर: सांधे, टॅपचे सिलेक्टर काँटॅक्ट. आउटेज घेऊन प्रत्येक टॅपवर वाइंडिंगचा रोध मोजा. लोड कमी असूनही वायू वाढतच राहिला, तर कोअरकडे पाहा. कोअरची अर्थिंग तार बाहेर आणलेली असेल तर क्लॅम्प मीटर लावा. मिलिॲम्पिअरऐवजी अ‍ॅम्पिअर दिसले तर कोअरला दुसरीकडेही अर्थ मिळालेला आहे. ही तार चालू ट्रान्सफॉर्मरवर सोडवायची नाही.

ॲसिटिलीन दिसलं की सगळे घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. मात्र ओएलटीसीच्या (लोड चालू असताना टॅप बदलणाऱ्या यंत्राच्या) डायव्हर्टर टाकीत ॲसिटिलीन बनवणारा आर्क रोजचाच. तिथलं तेल मुख्य टाकीत झिरपत असेल किंवा दोघांचा कॉन्झर्व्हेटर (तेल फुगण्या-आकसण्यासाठीची वरची टाकी) एकच असेल, तर हे ॲसिटिलीन पाहुणं असू शकतं. आयईसी ६०५९९ नुसार ॲसिटिलीन हायड्रोजनच्या दोन-तीन पटींहून जास्त असेल, तर आधी ही शक्यता तपासावी.

ब्रीदर (कॉन्झर्व्हेटरमध्ये जाणारी हवा कोरडी करणारा जेलचा डबा) रोज पाहिला जातो, पण नीट नाही. जेलचा रंग खालून वर बदलायला हवा, कारण हवा तेलाच्या कपातून येते. वरचा थर आधी बदलला तर हवा मधल्याच एखाद्या गळक्या गॅस्केटमधून आत शिरते आहे. भर पावसाळ्यात महिनोन्महिने रंग बदललाच नाही, तर खूश होऊ नका, मार्ग तुंबला आहे का ते बघा.

डब्ल्यूटीआय, म्हणजे वाइंडिंगचं तापमान दाखवणारं मीटर, ते तापमान थेट मोजत नाही. वरच्या तेलाच्या तापमानात सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) प्रवाहाने तापणाऱ्या हीटरची भर पडते. लोड असतानाही ओटीआय (तेलाच्या तापमानाचं मीटर) आणि डब्ल्यूटीआय कायम सारखेच दिसत असतील, तर सीटीचं सर्किट तपासायला सांगा.

बुशिंगची (टाकीतून तार बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरची) टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशन तपासणारी, चाचणी झाली की टेस्ट टॅपची (बुशिंगवरच्या चाचणीच्या जोडटोकाची) टोपी स्वतः पाहून घट्ट बसवून घ्या. ती टोपी टेस्ट टॅपला अर्थ करते; बसवायची राहिली तर चार्ज करताच टॅपवर धोकादायक व्होल्टेज चढतं, आत ठिणग्या सुरू होतात आणि चांगलं बुशिंग चाचणीमुळेच फुटतं. कामाचं परमिट परत करण्यापूर्वी तिन्ही फेजच्या टोप्या मोजा.