कॉइल निवडताना आधी हवेची दिशा बघा

सेंट्रल एसीची इव्हॅपोरेटर कॉइल, म्हणजे घरातली हवा थंड करणारी नळ्यांची जाळी, बदलायची म्हटलं की लोक थेट टनेज (थंड करायची क्षमता, टनांत) सांगतात. मी मात्र आधी हवा कुठून कुठे जाते ते बघतो.

फर्नेसवर, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीवर, कॉइल बसवायची असेल आणि हवा खालून वर जात असेल तर 'ए' आकाराची कॉइल. दोन पॅनेल वर एकमेकांना टेकलेली, तंबूसारखी. थंड कॉइलवर जमलेलं पाणी दोन्हीकडून ओघळून खालच्या ट्रेमध्ये पडतं. हिची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: हवा तंबूच्या आतून शिरते, म्हणून धूळही आतच साचते. बाहेरून फिन्स (नळ्यांवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) चकचकीत दिसल्या म्हणून मी एकदा दोन तास एसीच्या गॅसचा दाब तपासत बसलो होतो. तेव्हापासून समोरचा त्रिकोणी पत्रा काढून टॉर्च मारल्याशिवाय मी काहीच ठरवत नाही.

आडव्या डक्टसाठी (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीसाठी) सपाट स्लॅब बरी. एकच पॅनेल, साफ करायला सोपी. 'एन' आकारात तीन पॅनेल असतात, त्यामुळे कमी उंचीत जास्त पृष्ठभाग मिळतो. पण फटी अरुंद, ब्रश पोचत नाही.

मग मापं घ्या: प्लेनमची (कॉइल बसते त्या पत्र्याच्या पेटीची) रुंदी, खोली, उंची, ड्रेन कुठल्या बाजूला. टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा मिळते का तेही तपासा. आर-२२ आणि आर-४१०ए हे एसीतले थंड करणारे गॅस; आर-२२ ची जुनी कॉइल आर-४१०ए च्या बाहेरच्या युनिटला जोडू नका. आर-४१०ए चा दाब बराच जास्त असतो.

बसवल्यावर ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते पूर्ण निघून जाईपर्यंत तिथेच थांबा.