स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला. पहिल्या केमोपर्यंत काय करायचं?

वहिनीचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तो तिच्यापासून लपवला. तासगावच्या घरात आम्ही माजघरात कुजबुजत होतो आणि ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "गाठ तसलीच आहे ना?" ते तीन दिवस तिनं एकटीनं काढले, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सगळ्यात आधी जिचा आजार तिला सांगा आणि फाइल तिच्या हातात द्या.

मग कागद तारखेप्रमाणे लावा. त्यात आयएचसी नावाचा, गाठीच्या तुकड्याच्या खास तपासणीचा रिपोर्ट असेल. ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का हे सांगणाऱ्या खुणा) आणि हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) यांपुढं काय लिहिलंय यावर बरेचसे उपचार ठरतात. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर पुढं काही वर्षं हार्मोनची गोळी घ्यावी लागते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोच्या जोडीला ट्रास्टुझुमॅबसारखं औषध देतात. लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना नुसता कागद पुरत नाही, ते स्वतः तपासून बघतात. ऑपरेशनच्या आधी केमो सांगितली म्हणून हाय खाऊ नका. पुष्कळदा गाठ लहान करण्यासाठीच आधी देतात.

आपल्याकडं पहिलं नाव निघतं ते परळच्या टाटाचं. मत घ्यायला जरूर जा, पण केमो शक्यतो जवळ घ्या, असं मी सांगेन. मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे, कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे. केमो बऱ्याचदा दर 21 दिवसांनी असते, काही औषधं दर आठवड्याला. मध्येच रात्री ताप आला तर तासाभरात पोचता आलं पाहिजे.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, उपचार सुरू होण्याआधीच भेटा. रेशन कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, असं बायकांच्या बाबतीत फार होतं. ते आधी तपासा.

पहिल्या केमोआधी दात दाखवून घ्या. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध देणार असतील तर हृदयाची टूडी इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) करतात. केमोमुळं पुढं मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून मूल हवं असेल तर त्याबद्दल आत्ताच विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो. साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. वहिनीनं आधीच खांद्याएवढे कापले, त्यामुळं उशीवर लांबच लांब बटा बघायची वेळ आली नाही. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं.

घरी थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या काळात साधा ताप जिवावर बेतू शकतो. 100.4 फॅरेनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा आणि निघा. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका.

खाणं ताजं आणि शिजवलेलं. कच्ची मोड आलेली कडधान्यं, न तापवलेलं दूध नको. द्राक्षाची साल काढता येत नाही, म्हणून पेशी कमी असताना आम्ही तासगावात राहूनही द्राक्षं बंद ठेवली; केळी, पपई चालली. तोंड आलं की भडंग, ठेचा दूर ठेवा आणि मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या करा. हळदीबद्दल सांगलीत प्रत्येक जण सांगणार. भाजीतली हळद खुशाल खा, पण हळदीच्या कॅप्सूल, गुळवेल, कुणी दिलेली पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

हा आजार संसर्गानं होत नाही. तिचं ताट वेगळं करू नका, पोरांना जवळ जाऊ द्या. फक्त केमोनंतरचे दोन दिवस संडासात दोनदा पाणी टाका आणि उलटी पुसताना हातमोजे घाला.

आणि पाहुणे. रिपोर्ट कळला की गाव लोटतं. पेशी कमी असताना गर्दी नको, आणि "ती झोपलीय, पुढच्या आठवड्यात या" हे तिच्या तोंडून निघत नाही. दारात उभं राहून ते सांगायला घरातलं एक माणूस नेमा. आमच्याकडं ते काम माझ्याकडं होतं.