नाकातली फ्लूची लस द्यायची असेल तर

परभणीत लहान मुलांच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. लेकरू सुईला घाबरतं म्हणून आया नाकातली लस मागतात. लस चांगली आहे, पण तिला जपावं लागतं.

आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात जोर धरतो. लस लागू पडायला दोन आठवडे जातात, म्हणून मृगाच्या आधीच घ्या. नऊ वर्षांच्या आतल्या लेकरानं फ्लूची लस कधीच घेतली नसेल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. मग पहिला अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला उरकलेला बरा.

म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढं असताना. खरी अडचण इथंच आहे. या लसीत जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू असतो. नाकाच्या गारव्यात तो वाढतो, फुप्फुसांच्या उबेत वाढत नाही. त्याला २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. तेव्हा मेडिकलमधून घेऊन, पर्समध्ये टाकून, रिक्षानं आणू नका. दवाखान्यालाच मागवायला सांगा. आणावीच लागली तर आइसपॅकच्या डब्यातून आणा, पण रुमालात गुंडाळून. गोठूही द्यायची नाही.

खोक्यावरचं वर्ष स्वतः वाचा. विषाणू रूप बदलतो, मागच्या हंगामातली लस चालत नाही. कोविडची नाकातली लस वेगळी, तिचा इथं उपयोग नाही.

लेकराला मांडीवर ताठ बसवा. अर्धी मात्रा एका नाकपुडीत, अर्धी दुसरीत. जोरात ओढायला लावू नका, नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. लगेच शिंक आली तरी डोस वाया जात नाही, पुन्हा मागू नका. नाक गच्च असेल तर त्या दिवशी थांबा. नंतर एक-दोन दिवस नाक वाहिलं तर घाबरू नका.

दोन वर्षांच्या आतलं लेकरू, गरोदर बाई, पन्नाशीपुढची माणसं, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, ॲस्पिरिन घेणारी मुलं, यांना ही लस नको. सहा महिन्यांपासून पुढं इंजेक्शन देता येतं. छातीत घरघर होणाऱ्या लहानग्यांनाही इंजेक्शनच बरं. पंप चालू आहे हे बऱ्याच आया बाकावरच्या बायकांसमोर सांगत नाहीत. ताई, आत येऊन हळू सांगा, पण सांगाच.

नाकातली मिळाली नाही तर तिची वाट बघत पाऊस लागू देऊ नका, इंजेक्शन घेऊन टाका.